कागद फाडणारं कोल्ट

(दृश्य: भंडारा जिल्ह्यातलं गाव. धानाच्या बांध्या, जुना वाडा.)

पूर्व विदर्भात बंदुकीचा विषय निघाला की गप्पा मालगुजारांच्या शिकारीवर जातात, नाहीतर धानात शिरलेल्या रानडुकरांवर. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं थांबवली. डुकरं काही थांबली नाहीत. या वाड्यातल्या लोखंडी कपाटात जे आहे, त्याचा मात्र दोन्हींशी संबंध नाही.

"बाबू, याच्यानं डुक्कर नाही मरत," घरधनी काका सांगतात. "याच्यानं कागद फाटते."

हे अमेरिकेच्या कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर, पोलीस पॉझिटिव्ह टार्गेट. बोअर .३२, नळी ६ इंची, घडण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. नावात पोलीस असले तरी हे नेमबाजांसाठी काढलेलं मॉडेल. साध्या रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, कायमची बसवलेली असते. इथे पुढची माशी वर-खाली होते आणि मागची खाच डावी-उजवीकडे सरकते.

काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे मूळ स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीचं. प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या नळीवर कोरायला कोल्ट कशी धजेल? तिनं त्याच काडतुसाला 'कोल्ट न्यू पोलीस' म्हटलं. भांडण अमेरिकेतलं, सोय आपली: खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं .३२ काडतूस यात चालतं. धक्का सौम्य, म्हणून २५ मीटर सेंटर फायर (बुडाच्या मधोमध ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत आजही याच काडतुसाला पसंती आहे. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये नेमबाज जसपाल राणांनी याच प्रकारात ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. या स्पर्धेत नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. ६ इंच म्हणजे १५२.४. म्हातारं हत्यार थोडक्यात बसलं!

(दृश्य: उघडलेला सिलिंडर, तेलाचं फडकं.)

जुन्या कोल्टच्या आत एक पोलादी बोट असतं. ते सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं गोल चाक, फिरवतं आणि बार उडतानाही त्याला दाबून धरतं. चेंबर, म्हणजे त्यातला काडतुसाचा कप्पा, नळीसमोर जराही हलत नाही, म्हणून नेम सुरेख लागतो. पण झिजतंही तेच बोट. मग सिलिंडर केसभर मागे राहतो आणि गोळीचं शिसं नळीच्या मागच्या तोंडाशी खरवडलं जातं. हे दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावी कुठून मिळणार? म्हणून काका हॅमर (घोडा) अंगठ्यानं सावकाश मागे घेतात. कुणी सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर बंद करू लागला, तर मात्र त्यांचा आवाज चढतो. त्या झटक्यानं सिलिंडरचा दांडा वाकतो.

पावसाळ्यात ते चामड्याच्या म्यानात ठेवत नाहीत. चामडं ओल धरून ठेवतं आणि निळ्या झिलईवर गंजाचे ठिपके उठतात.

कागदपत्रांचा व्याप निराळाच. वडील गेले तेव्हा हे आधी ठाण्यात जमा झालं, मग वारसाचा अर्ज, मग परवाना. परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे अशा जुन्या रिव्हॉल्व्हरला लाखांत भाव. विचारणारे येतात. काका चहा पाजून परत पाठवतात. आणि निवडणूक लागली की हत्यार पुन्हा ठाण्यात. आपल्याकडे निवडणूक नसते कधी, हाही प्रश्नच आहे.

(दृश्य: नागपूर, नेमबाजीची रेंज.)

स्वतःच्या शेतात बार काढून पाहू, असं चालत नाही. त्यासाठी नागपूर गाठावं लागतं: रिव्हॉल्व्हर रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना खिशात.

एक हात पुढे, दुसरा कमरेला. ५ मिनिटांत ५ गोळ्या. लक्ष्यावरचं १० गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, आणि काका त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. नजर माशीवर. माशी स्पष्ट, कागद धूसर. माशी काळ्या गोलाच्या खालच्या कडेला टेकली की चाप दाबत राहायचा. बार कधी उडेल ते आपल्यालाही कळू द्यायचं नाही. नवखा इथेच फसतो, आवाजाच्या आधी दचकतो आणि गोळी खाली जाते.

सहाही चेंबर मात्र सारखे नसतात. प्रत्येकाच्या गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर मारून काकांनी त्यातला खोडकर ओळखला. त्याची गोळी दर वेळी उजवीकडे सरकते. त्या चेंबरात ते काडतूस भरतच नाहीत. मालिका पाचाचीच असते, त्यामुळे काही अडत नाही.