साकव कुणाचा, हे आधी ठरवूया
(कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, मघाशी येताना तुमच्या ओढ्यावरच्या साकवाजवळ थांबलो होतो. कठडा नाहीच, एका अंगाची माती वाहून पाइप उघडा पडलाय आणि त्यावरनं शाळेची पोरं, दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, वडापची जीप, सगळं चाललंय. पाऊस अजून लागायचाय. आज विषय आहे विधिमंडळाच्या समित्यांचा. समिती म्हटलं की आपल्याला वाटतं ते बेंगळूरचं काम, आपला काय संबंध, म्हणून मी आज ह्या साकवावरनंच बोलतो.

माझ्या गावच्या अशाच एका साकवासाठी मी दोन वर्षं अर्ज घेऊन हिंडलोय. एका ऑफिसात म्हणायचे रस्ता आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे गेलं की म्हणायचे तो त्यांचाच, तिकडंच जावा, आणि तेवढ्यात दोन पावसाळे गेले. तेव्हा मला किलोमीटरचा दगड वाचता येत नव्हता. बघा, दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आपला खानापूर, लोंढा, अनमोडवरनं गोव्याला जाणारा 748 नंबरचा. हिरवा असला तर राज्य महामार्ग, तो बांधकाम खात्याचा. केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता, तो बहुतेक पंचायतराजच्या इंजिनियरांकडं. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला असेल तर पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं डागडुजी कॉन्ट्रॅक्टरच्याच करारात असते, आणि तारखा तिथल्या बोर्डावर लिहिलेल्या असतात. आपण बोर्डाला टेकून बसची वाट बघतो पण तो वाचत नाही, हे मला फार लागतं.

आता समिती. सभागृहात दंगा होतो, सभात्याग होतो, ते आपण टीव्हीवर बघतो. पण खर्च झालेल्या पैशाची खरी उलटतपासणी बंद खोलीत होते. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, रिपोर्ट सभागृहात ठेवला की तो लोकलेखा समितीकडे जातो. संसदेतल्या समितीचं सांगतो, तिथं 22 सभासद, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7, मंत्र्याला सभासद होता येत नाही, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे. खर्चाची फाईल घेऊन समितीपुढे बसायला लागतं ते खात्याच्या सचिवाला, आणि तिथं भाषण चालत नाही, कागद लागतो. राज्यातही लोकलेखा समिती आहे. बसचं वेगळं, आपली वायव्य कर्नाटकची लाल बस हे महामंडळ, हेडऑफिस हुबळीला, म्हणून ते सरकारी महामंडळं तपासणाऱ्या सार्वजनिक उपक्रम समितीकडं येतं. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही, माझी बहीण आता नंदगडच्या बाजाराला स्वतःच्या मनानं जाते, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या तिकिटांचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे असतात, ते किती आले, कधी आले, त्यात नव्या गाड्या किती घेतल्या, हे विचारायची जागा ती समिती.

मला सगळ्यात जवळची वाटते ती आश्वासन समिती. मंत्री सभागृहात उभा राहून म्हणतो ना, मी ह्यात लक्ष घालतो, आपण समजतो झालं, विषय मिटला. पण लोकसभेत तर अशा वाक्यांची यादीच करून ठेवलीय, 'मी लक्ष घालीन' हे त्या यादीत आहे, म्हणजे ते बोललं की आश्वासन म्हणून नोंद होते आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. कर्नाटकातही अशी समिती आहे. बेळगावात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा आपण मोर्चा घेऊन जातो, जावंच, पण जायच्या आधी आपल्या आमदाराच्या हातात साकवाबद्दलचा लेखी प्रश्न द्या, म्हणजे उत्तर रेकॉर्डवर येईल आणि पुढं त्याच उत्तराला धरून बसता येईल. समिती निधी देत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ती शिफारस करते, पण त्या शिफारशीचं काय केलं ते खात्याला लेखी कळवायला लागतं, आणि आपल्यासारख्यांना तो कागदच हवा असतो.

मागं कुणीतरी विचारलं, अर्ज मराठीत चालेल का. घटनेचं 350 वं कलम वाचा. गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं, संघात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्या आईच्या भाषेत लिहा, काही कमीपणा नाही त्यात, आणि सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर हलतं म्हणून तीही जोडा, आपल्या गल्लीत कन्नड लिहिणारी पोरं आहेत की. मात्र 'रस्ता फार खराब आहे' एवढंच लिहून चालत नाही. रस्त्याचा नंबर, कुठल्या दगडापासून किती मीटरवर, पाइप केवढ्या मापाचा, माती किती फूट खचलीय, पावसात किती दिवस वाहतूक बंद पडते, हे पाहिजे.

टेप कुणाकडं आहे? गवंडीकाम करणाऱ्यांपैकी कुणीतरी आणा. अंधार पडायला अजून तासभर आहे, तेवढ्यात साकवाचं माप घेऊन होईल.