एस्नाचा मुखमंडप : काजळीखाली टिकलेले रंग

इजिप्तचं मंदिर म्हटलं की कर्नाकच आठवतं. तिथल्या १३४ खांबांपुढे माणूस थक्क होतो, हे खरं. तरीही मित्रहो, आज मी तुम्हाला तिथून दक्षिणेला, नाईलकाठच्या एस्ना या गावी नेणार आहे. तिथे भर बाजारात एक मोठा खड्डा आहे. जिने उतरून सुमारे नऊ मीटर खाली गेलं की ख्नूम देवाच्या मंदिराचा मुखमंडप समोर येतो. मंदिर जमिनीत खचलं नाही. शतकानुशतकं घरं पडत गेली, त्यांच्यावर नवी उभी राहिली आणि गावच वर चढलं.

मंदिराचा बाकी भाग गेला, त्याचे दगड लोकांनी बांधकामाला नेले. मंडप तेवढा उरला: ३७ मीटर लांब, २० मीटर रुंद, १५ मीटर उंच. एकोणिसाव्या शतकात तो कापसाचं गोदाम होता. जागा कामाची होती, म्हणूनच तिचे दगड कुणी काढले नाहीत, असं मला वाटतं.

मंडपाची मागची भिंत रोमनांच्या आधी इजिप्तवर राज्य केलेल्या टॉलेमी राजांच्या काळातली, म्हणजे मूळ मंदिराचा दर्शनी भाग. त्याच्यापुढे रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात (इ.स. ४१ ते ५४) हा मंडप जोडला गेला. खांब २४. त्यांतले सहा दर्शनी रांगेत, आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या उंचीच्या भिंती. पूर्वेचा उजेड या भिंतींवरून आत येतो. बाहेर उभ्या भक्तांना मात्र आतलं फारसं दिसू नये, अशी ही रचना. खांबांच्या माथ्यांवर ताड, पपायरस नावाचं लव्हाळं, द्राक्षांचे घोस. माथ्यांची घडण निरनिराळी.

बांधकाम झालं तरी कोरीवकाम जवळपास दोनशे वर्षं चाललं. इ.स. २४९ ते २५१ असं जेमतेम दोन वर्षं राज्य केलेल्या रोमन सम्राट डेशियसचंही नाव इथे चित्रलिपीत आहे. ही लिपी जाणणारे पुजारी दिवसेंदिवस कमी होत चालले होते, आणि त्याच काळात त्यांनी इथे तिचे सर्वांत अवघड खेळ मांडले. एक स्तोत्र जवळजवळ सगळं मेंढ्याच्या चित्रांनी लिहिलंय, दुसरं मगरीच्या. हे मला फार हलवून टाकतं. वाचणारे संपत आले असताना इतक्या जिद्दीने लिहायचं!

हे कोरीवकाम चुलींच्या धुराने काळं पडलं होतं. २०१८ पासून इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने जर्मनीतल्या ट्यूबिंगन विद्यापीठाबरोबर सफाई हाती घेतली. काजळी निघाली आणि छतावरची गिधाडं, राशिचक्र, तारे रंगांसकट दिसू लागले. काही मजकूर तर फक्त शाईने लिहिलेला होता, कोरलेलाच नव्हता. तो आता प्रथमच वाचता आला. धुराच्या थरानेच खालचा रंग जपला होता. इजिप्तमधल्याच डेंडेरा इथल्या मंदिराच्या मंडपात निळा रंग उठून दिसतो. इथे पिवळा आणि तांबडा.

आणि खांबांवर काय आहे? सणांचे विधी आणि ख्नूमची स्तोत्रं. हा देव कुंभार. चाकावर माती फिरवून तो देव, माणसं, जनावरं घडवतो: हाडं, कातडी, श्वासाची वाट, एकेक अवयव नावानिशी. मग आपलं चाक तो प्रत्येक मादीच्या गर्भात ठेवतो, आणि जन्माचं काम पुढे चालू राहतं. ते चाक बसवण्याचा इथे सण होता, आणि त्या सणाचे पाठ खांबांवरच लिहून ठेवले आहेत.