कसाला लागलेलं आम्ल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ऑक्सिआम्लांविषयी, म्हणजे ज्यांत प्राणवायू असतो अशा आम्लांविषयी. घरात ती आहेतच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक, सोड्याच्या बाटलीत कार्बोनिक, आणि कॅरमवर आपण भुरभुरवतो ती बोरिक पावडर, तीसुद्धा ऑक्सिआम्लच.

मी सातवीत होतो. आजीने यात्रेत कुणाकडून तरी एक साखळी घेतली होती, घरात न सांगता, भाजीतून मागे टाकलेल्या पैशांची. दिवाळीनंतर ती घेऊन आम्ही दोघं पेठेत सोनाराकडे गेलो. सोनारकाकांनी काळा कसोटीचा दगड काढला. त्यावर आधी आजीच्या मंगळसूत्राची वाटी घासली, शेजारी साखळी. दोन पिवळ्याधमक रेघा, मला तरी अगदी सारख्या. मग काचेच्या काडीने दोन्हींवर तेजाबाचा थेंब टेकवला. वाटीची रेघ जशीच्या तशी राहिली. साखळीची फसफसली, हिरवट झाली आणि गेली. दगड कोरा.

आजी एवढंच म्हणाली, "परत एकदा लाव रे बाबा." त्यांनी परत लावलं. परत गेली.

मी विचारलं, "काका, मोरीत टाकायच्या अ‍ॅसिडने असंच होईल?" ते म्हणाले, "ते तांब्याला शिवतसुद्धा नाही, बाळा. इथे तेजाबच लागतं."

का, ते कॉलेजात कळलं. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. त्यात प्राणवायूचे तीन अणू. मोरीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यात प्राणवायू नाहीच. तांब्याचे इलेक्ट्रॉन काढून घेणं नुसत्या हायड्रोजनला जमत नाही, ते काम नायट्रेट, म्हणजे नायट्रिकमधली नायट्रोजन आणि प्राणवायूची जोडी, करतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं होतं की आम्लपणा येतो तो प्राणवायूमुळेच, म्हणून त्याने नाव दिलं ऑक्सिजन, आम्ल घडवणारा. १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की हायड्रोक्लोरिकमध्ये तो नसतोच. म्हणून मी आग्रहाने प्राणवायूच म्हणतो. आपला शब्द जास्त खरा आहे, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो मागे पडतोय याचं मला फार वाईट वाटतं.

असो. लक्षात ठेवायचं ते असं. आम्लपणा येतो तो पाण्यात सुटणाऱ्या हायड्रोजनमुळे. ऑक्सिआम्लातून हायड्रोजन सुटायचा, तर तो प्राणवायूला चिकटलेला हवा. पुन्हा सांगतो, प्राणवायूला चिकटलेला. फॉस्फरस आम्लात हायड्रोजन तीन, पण सुटतात दोनच. तिसरा थेट फॉस्फरसलाच जोडलेला असतो. आणि मधला अणू तोच असेल, तर सहसा प्राणवायू जितके जास्त, तितकं आम्ल तीव्र. क्लोरीनचं घराणं बघा: हायपोक्लोरसमध्ये एक, क्लोरसमध्ये दोन, क्लोरिकमध्ये तीन, परक्लोरिकमध्ये चार. पहिलं अगदी सौम्य, शेवटचं जहाल. कमी तिथे 'अस', जास्त तिथे 'इक', नायट्रस-नायट्रिक, सल्फ्युरस-सल्फ्युरिक.

हे सगळं मी सुट्टीत आजीला सांगितलं. ती साखळी अजून तिच्या डब्यात होती. तिने विचारलं, "मग खऱ्या सोन्याला कशानेच काही होत नाही?" होतं, म्हटलं. तीव्र नायट्रिक एक भाग आणि तीव्र हायड्रोक्लोरिक तीन भाग, प्राणवायूवालं आणि बिनप्राणवायूचं एकत्र आलं की सोनंही विरघळतं. त्याला आम्लराज म्हणतात.

आजीने वाटी पदराआड सारली.