हीला नदीचं पाणी आणि पिमांची साखर

मंडळी, आदिवासींच्या मधुमेहाचा विषय निघाला की बोट लगेच जनुकांकडे जातं. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या हीला नदीकाठच्या पिमांचं हेच झालं. ते स्वतःला अकिमेल ओओधम म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. 1963 साली सरकारी संशोधकांना तिथं साखरेचे रुग्ण अपेक्षेपेक्षा फारच जास्त सापडले. पुढच्या पाहण्यांत पस्तिशी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे निघाले. जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांचा ‘काटकसरी जनुका’चा सिद्धांत नुकताच, 1962 मध्ये आला होता : दुष्काळात तगलेलं शरीर सुकाळात चरबी साठवतं. पिमा त्याचं ठरलेलं उदाहरण होऊन बसले. दुष्काळ पाडला कुणी, हे विचारायचं राहिलं.

पिमा पाटाच्या पाण्यावर पिकवणारे. 1849 नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेले तांडे त्यांच्याकडूनच गहू घेत. मग नदीच्या वरच्या अंगाला गोरे वसाहतवाले आले, त्यांनी पाणी वळवलं आणि 1890 च्या दशकात खाली उपासमार सुरू झाली. पोटासाठी पिमांनी मेस्किटची झाडं तोडून सरपण म्हणून विकली. या मेस्किटच्या शेंगा दळून त्यांचं पीठ खायचे. म्हणजे कोठारच जळणाच्या भावात गेलं.

त्यांचं दुसरं अन्न टेपरी. आपल्या मटकीसारखंच कोरडवाहू कडधान्य, एखाददुसऱ्या चांगल्या पावसावर येणारं. रात्रभर भिजवायचं आणि मंद आचेवर काही तास शिजवायचं. घाई केली तर दाणा टणकच राहतो. त्यातला तंतू आणि सावकाश पचणारं पिष्ट यांमुळे जेवणानंतर रक्तातली साखर हळूहळू चढते. याच्या जागी सरकारी शिध्यातून आलं पांढरं पीठ, साखर आणि डुकराची चरबी. पीठ मळा, थापा, चरबीत तळा : आपल्या भटुऱ्याचा सख्खा भाऊ. एखाद्या सणाला ठीक, पण रोज तेच, आणि पाण्याअभावी शेतातले कष्टही सुटलेले.

आता जनुकांचं. मेक्सिकोत मायकोबाच्या डोंगरात यांचेच भाऊबंद राहतात, अजून शेतात राबतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिथं मधुमेह सुमारे 7 टक्के, ॲरिझोनात 38. मायकोबातल्याच बिगर-पिमांत तो 3 टक्क्यांच्याही आत होता, तेव्हा आनुवंशिकता अगदीच शून्य नाही. पण 7 चे 38 रक्तानं केले नाहीत.

2004 च्या कायद्यानं हीला नदीकाठच्या या लोकांना वर्षाला 6,53,500 एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. आपल्या हिशेबात साडेअठ्ठावीस टीएमसी, पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याइतका. तिथं टेपरी पुन्हा पेरली जाते. अडचण चुलीपाशी आहे : तिला रात्रभराचं भिजवणं लागतं, आणि पिठाची पोळी दहा मिनिटांत तळून होते.