डबा लपवण्याआधी

घरात कुणाला किडनीचा आजार निघाला की सगळ्यात आधी सुकामेव्याचा डबा लपवला जातो. का, तर त्यात पोटॅशियम असतं, आणि आजारी किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. असतं, हे खरंच. पण कशात किती असतं आणि आपण किती खातो, हे कुणी विचारत नाही.

२८ ग्रॅमचं माप धरू. म्हणजे लहानशी मूठ, साधारण २३ बदाम. एवढ्या पिस्त्यांत जवळपास २९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, बदामांत दोनशेच्या थोडं वर, काजू-शेंगदाण्यांत दोनशेच्या आसपास. अक्रोडात मात्र सव्वाशे, आणि मॅकाडेमियात त्याहूनही कमी, शंभरच्या जरा पुढे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशेच्या वर असतं, हेही लक्षात ठेवा. पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेल्या रुग्णाला दिवसाला बहुधा २,००० ते ३,००० मिलिग्रॅमची मर्यादा असते. त्यात अर्धी मूठ अक्रोड पुष्कळदा बसतात. तुमचे बसतात का, ते रक्ताचा रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञ सांगतील. घोटाळा होतो तो डबा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्यावर. तीन मुठी पिस्ते गेले की साडेआठशेच्या पुढे गेलात, आणि जेवण अजून व्हायचंय! म्हणून वाटीत काढून घ्या आणि डबा बंद करा.

मनुके, जर्दाळू घातलेलं मिश्रण नको. सुकवलेल्या फळांतलं पाणी जातं, पोटॅशियम तिथंच राहतं. खारवलेले दाणेही नकोत. ‘कमी सोडियम’वाल्या मिठापासून तर लांबच राहा, कारण त्यात बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळला आणि ते पाणी ओतून दिलं की त्यातलं पोटॅशियम बरंच कमी होतं. रात्रभर भिजवलेल्या अख्ख्या बदामांकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

फॉस्फरसचंही भय घातलं जातं. दाण्यांमधला बराचसा फॉस्फरस फायटेट या दाण्यांतल्याच एका संयुगाच्या रूपात असतो आणि आपलं आतडं तो पुरता शोषत नाही. डबाबंद मांस आणि काही शीतपेयांमध्ये घातलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळे रक्तात जातात. बदाम सोडून शीतपेय पिणाऱ्यांना काय म्हणावं!

आता महत्त्वाचं. पोटॅशियम वाढलं की दर वेळी दोष ताटाचाच नसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, रक्तातली वाढलेली आम्लता, हाताबाहेर गेलेली साखर, बद्धकोष्ठता, यांनीही ते चढतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लक्षणांची वाटही पाहू नका. पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. उलट, पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही जणांचं पोटॅशियम इतकं खाली जातं की त्यांना ते वाढवायला सांगावं लागतं. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा तक्ता उतरवून घेऊ नका.

मुतखडा असेल तर बदाम चालतात का, अशी एक चिठ्ठी आली आहे. तो हिशेब वेगळा. खडा ऑक्झलेटचा (बदामांतही असणाऱ्या एका द्रव्याचा) असेल तर बदाम आवरते घ्यावे लागतात, मग पोटॅशियम कितीही असो.