मना भाऊ उना नही

(दृश्य : भर उन्हातलं एसटी स्टँड. बाकावर भरलेली पिशवी.)

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली. खानदेशात हा सासुरवाशिणींचा सण. मुराळी, बहुधा भाऊच, न्यायला येतो. मग माहेरी निंबाला झोके, गौराईची गाणी, आमरस. बाकावरची बाई शेजारणीला म्हणते, "मना भाऊ उना नही." माझा भाऊ आला नाही.

कथा लिहिणाऱ्यानं हे चार शब्द अहिराणीतच, तिच्या खानदेशी बोलीतच टिपावेत. "एक दुःखी स्त्री भावाची वाट पाहत होती" असं लिहिलं, की बाईचा आवाज जातो आणि उरतो फक्त लिहिणाऱ्याचा शेरा. निरक्षर बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून घेतली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत.

वही खिशात मावणारी. नोंद त्याच रात्री. सकाळपर्यंत आशय टिकतो, शब्दांचा क्रम मोडतो. टिपायचं ते एवढंच : हात काय करत होते, बोलणं जसंच्या तसं, आणि आपल्याला न उमगलेली एक गोष्ट. बाईनं पिशवीची गाठ तीनदा का सोडली? हे विचारायला जाऊ नये. कथेला ती जागा रिकामीच हवी असते.

(दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालयाचा व्हरांडा.)

पंधरा-वीस नोंदी साठल्या, की एकमेकींशी नातं नसलेल्या दोन शेजारी ठेवाव्यात. दुसरी ही घ्या : हक्कसोडपत्र टाइप करणारा विचारतो, "बहिणी किती?" हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. शेत एकट्या भावाच्या नावावर करायचं, तर तिची सही लागते.

आता भाऊ येतो. उशिरा येतो, थैलीत आंबे आणि आंब्यांखाली कागद. सही केली तर शेत जाईल. नाही केली तर कदाचित पुढची आखाजी. तिला दोन्ही हवंय, म्हणून इथे कथा हलते. "भावाबहिणीचं प्रेम" एवढाच विषय घेऊन बसलं, तर दुसऱ्या पानावरच अडायला होतं.

बहुतेक खर्डे बिघडतात ते भावाला खलनायक केल्यामुळे. एक पान त्याच्या बाजूनं लिहून पाहावं : केळीचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, घरात लग्नाची मुलगी. हे पान कथेत ठेवलं नाही तरी चालेल, पण त्याची वाक्यं त्यानंतर बदलतात.

गाव, नाती, धंदा मात्र बदलावा. लहान गावात माणूस एका खुणेवरून ओळखू येतो.

आणि कागद लवकर बाहेर काढू नये. आधी तिला झोक्यावर बसू द्यावं.