पाणी जावे, तेल राहावे

श्रोतेहो, नमस्कार. सुगंधी पाने वाळवून ठेवताना त्यांचा गंध कसा टिकवावा, हे आज पाहू. पुदिना, तुळस, थाइम, ओरेगानो, रोझमेरी या वनस्पतींचा सुगंध ज्या बाष्पनशील, म्हणजे सहज उडून जाणाऱ्या, तेलामुळे येतो, ते त्यांच्या पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत, अगदी पातळ आवरणाखाली साठलेले असते. कापणी आणि हाताळणी करताना पाने चेंगरली, तर हे आवरण फाटते आणि वाळवणीपूर्वीच तेल उडू लागते.

यांपैकी बऱ्याच वनस्पतींत कळ्या धरल्यापासून फुलोरा सुरू होईपर्यंतच्या काळात तेलाचे प्रमाण चांगले असते. मात्र प्रमाणाइतकाच तेलाच्या घटकांचाही विचार करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पेपरमिंट या पुदिन्याच्या प्रकाराच्या कोवळ्या पानांत मेंथोन हा घटक अधिक असतो आणि पान जून होत जाते तसतसे त्याचे थंडावा देणाऱ्या मेंथॉलमध्ये रूपांतर होते. त्यामुळे कापणी फार लवकर केल्यास अपेक्षित थंडावा मिळत नाही. कापणी सकाळी, दव सुकल्यावर परंतु ऊन तापण्यापूर्वी करावी.

खरी परीक्षा वाळवणीत होते. ताज्या पानात सुमारे 80 टक्के पाणी असते आणि ते साधारण 10 टक्क्यांपर्यंत उतरवायचे असते. पण पाणी घालवणारी उष्णता तेलही घालवते. म्हणून सावलीत, खेळत्या हवेत, पातळ थर पसरून आणि तापमान 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून पाने वाळवावीत. वाळवणीच्या खोलीत दरवळणारा वास कितीही सुखद वाटला, तरी तो पानांतून निघून चाललेला असतो. याउलट थर जाड असेल आणि हवा कोंदट असेल, तर पाने काळवंडतात व त्यांना बुरशी लागते.

सर्वच वनस्पतींना वाळवणी मानवत नाही. थाइम, ओरेगानो आणि रोझमेरी आपला गंध चांगला राखतात. कोथिंबिरीचा ताजा वास ज्या आल्डिहाइड संयुगांमुळे येतो ती मात्र वाळताना बरीचशी नाहीशी होतात, म्हणून कोथिंबीर ताजीच वापरावी, हे उत्तम. धन्यांची गोष्ट निराळी आहे: हिरव्या फळातील उग्र आल्डिहाइडे पक्व होताना कमी होतात आणि लिनालूल या घटकाचा गोडसर गंध वरचढ ठरतो, त्यामुळे धने पिकू द्यावेत.

देठ कडकन मोडू लागला की पाने अखंडच हवाबंद बरणीत भरून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावीत आणि वापरण्याच्या वेळीच चुरावीत.